न्यूयॉर्क, मार्गे दौंड

१ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याकडे एसटीची पहिली गाडी सुटली. तीस माणसं बसतील अशी बेडफर्ड. पुढच्याच आठवड्यात, ८ जूनच्या रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत मुंबईहून लंडनला निघालं. इतिहासाच्या पुस्तकात या दोन घटना एका पानावर कधी येत नाहीत. आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला मात्र त्या एकाच प्रवासाच्या वाटतात. एसटीत चढल्याशिवाय इथून कुणाला विमान गाठता येत नव्हतं.

मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं सरळ अंतर साधारण १२,५३० किलोमीटर. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाची न्यूयॉर्कची सेवा बोइंग ७०७ विमानानं सुरू झाली, तेव्हाही ते एवढंच होतं. त्या विमानतळाला केनेडींचं नाव मिळायला अजून तीन वर्षं अवकाश होता, एवढाच काय तो फरक. इंदापूरहून मुंबई तेव्हाही तीनशे किलोमीटरच्या आत होती, आजही आहे. आकडे जागचे हलले नाहीत. तरीही ज्यांनी तो जुना प्रवास केला, किंवा माझ्यासारखा निदान सोडायला जाऊन पाहिला, त्यांना आजचा प्रवास तोच आहे असं म्हणवत नाही. नेमकं काय बदललं याचा विचार करताना वेग, भाडं, इंजिनं या गोष्टी मला दुय्यम वाटत गेल्या. मुख्य बदल एकच दिसतो: मधले थांबे गेले. त्या थांब्यांवर जे घडायचं त्याची नोंद ना एसटीच्या दप्तरात आहे ना विमान कंपनीच्या. जेवढी माझ्याजवळ आहे तेवढी लिहून ठेवावी असं फार दिवस मनात होतं.

माझं लहानपण वालचंदनगरात गेलं. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी ऊस उभा केला, १९३०च्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्याच्याभोवती हे गाव वसलं. वडील कारखान्यात फिटर होते. शेठजी १९५३ साली गेले. आमच्या पिढीनं त्यांना पाहिलं नाही, पण त्यांच्या गोष्टी कॉलनीतल्या प्रत्येक ओट्यावर चालायच्या. बोटीची गोष्ट, मोटारीची गोष्ट. मला सगळ्यांत आवडायची ती विमानाची. ती ऐकताना वडिलांचा आवाज बदलायचा. पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं, की ओट्यावरच्या गोष्टीत तिखटमीठ फारसं नव्हतंच.

१९३९चा ऑक्टोबर. युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम महिना झालेला. भारतात मोटारी बनवायच्या म्हणून अमेरिकन कंपन्यांशी बोलणी करायला शेठजी तिकडे गेले होते. परतीला त्यांनी पॅसिफिकची वाट धरली आणि सॅन फ्रान्सिस्कोहून पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘क्लिपर’मध्ये बसले. क्लिपर म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान. एका दमात महासागर ओलांडण्याची ताकद त्याच्यात नव्हती. म्हणून होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला असं बेटाबेटावर मुक्काम करत ते जायचं. मिडवे आणि वेक ही तर ओसाड बेटं; प्रवाशांना रात्री पाठ टेकता यावी म्हणून कंपनीनं तिथं मुद्दाम हॉटेलं बांधली होती. मिडवे आणि वेकच्या दरम्यान वाररेषा ओलांडताना कॅलेंडरातला एक दिवस हातातून निसटायचा. सॅन फ्रान्सिस्को ते मनिला सरळ अंतर सुमारे ११,२०० किलोमीटर. बेटं गाठत जाणारी क्लिपरची वाट तेरा हजारांच्या वर. प्रत्यक्ष उडण्याचे तास साधारण साठ, पण प्रवास चालायचा पाच-सहा दिवस.

त्याच विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ होता. चीनमध्ये विमानं जोडण्याचा त्याचा कारखाना होता. दिवसा एका विमानात आणि रात्री एकाच बेटावर, एवढ्या सहवासात अनोळखी माणूस अनोळखी राहत नाही. मोटारीचं काम डोक्यात घेऊन निघालेले शेठजी विमानाच्या कारखान्याचा विचार घेऊन उतरले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली; म्हैसूर संस्थान भागीदार झालं, पॉलींच्या मदतीनं यंत्रसामग्री आणि जाणकार माणसं आली. १९४१ साली तिथं जोडलेलं पहिलं विमान, हार्लो जातीचं शिकाऊ वैमानिकांचं, आकाशात गेलं. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारनं शेठजींचा हिस्सा विकत घेतला. आज जिला आपण एचएएल म्हणतो ती ही कंपनी.

मला या गोष्टीत कारखान्याइतकाच रस त्या बेटांचा आहे. आज सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगला विमान मध्ये कुठंही न टेकता चौदा-पंधरा तासांत जातं. शेजारी बसलेला माणूस कानात बोळे घालून समोरच्या पडद्यावर सिनेमा बघतो, जेवतो, झोपतो, उतरून निघून जातो. त्याचं नाव विचारायचंही राहून जातं. शेठजी आणि पॉली आजच्या विमानात शेजारी बसले असते तर? मला वाटतं, दोघंही झोपले असते. इंदापूर तालुक्यातल्या माळावर साखर करणाऱ्या माणसाच्या मनात विमानाचं बी पडलं ते पॅसिफिकमध्ये थांबे होते म्हणून. आज त्याच वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडतात, हे आठवलं की त्या मुक्कामांचं मोल मला आणखी वाटतं.

आमच्या घरातून समुद्रापार गेलेला पहिला माणूस म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, अण्णा. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंजिनिअर झाला, थोडे दिवस कारखान्यात राहिला आणि सत्तरच्या आसपास अमेरिकेला निघाला. १९६५ साली अमेरिकेनं आपला इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आशियातल्या इंजिनिअर-डॉक्टरांना दार उघडलं, त्या दारातून गेलेल्यांपैकी तो एक. त्या काळी परकीय चलनाची एवढी टंचाई होती, की जाणाऱ्याच्या खिशात मोजके डॉलर असायचे. साठच्या दशकात आठ डॉलर घेऊन गेलेल्यांच्या हकिकती अजूनही तिकडची जुनी माणसं सांगतात.

अण्णाला सोडायला निम्मी कॉलनी एसटीच्या थांब्यावर आली होती. बायकांनी औक्षण केलं, हातावर दही दिलं. चुलतीनं बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत होती, लाडूंचा डबा वेगळा. बायकांचा निरोप तिथंच संपला. गाडी हलली तशा त्या मागं राहिल्या. आम्ही दहा-बारा जण बारामतीपर्यंत गेलो. तिथून दौंडला जायला छोटी गाडी होती. बारामती-दौंड हा १९१४ सालचा अरुंद रुळांचा रस्ता, सुमारे ४३ किलोमीटरचा, आणि गाडी इतकी संथ की कटफळच्या आसपास मुलं बरोबर धावत यायची. बारामतीच्या स्टेशनावर अण्णाचे दोस्त उरले. ते गाडीत चढले नाहीत, पण फलाटाच्या टोकापर्यंत डब्याला हात लावून चालत आले.

दौंडला मोठ्या गाडीला बराच वेळ होता. दौंड जंक्शनवर ज्यानं रात्र काढली आहे त्याला तिथला तो वेळ सांगावा लागत नाही. इंजिनांचा धूर, चहावाल्याची आरोळी, ट्रंकांवर डोकी टेकून झोपलेली कुटुंबं. आमचे आबा, म्हणजे आजोबा, तिथवर आले होते. आयुष्यभर नीरेच्या कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या मोजलेला माणूस, फार न बोलणारा. त्या रात्री फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी अण्णाला जे सांगितलं ते घरी कधी सांगितलं नसतं: त्यांचा स्वतःचा भाऊ तरुणपणी मुंबईला गिरणीत गेला तो परत आलाच नाही, ते दुःख त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. अण्णा ऐकत होता. मीही ऐकत होतो. गाडी आली तेव्हा आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोचल्याव पत्र टाक. आन् मधी कुठं थांबलं इमान तर तिथनं बी टाक.”

मुंबईला फक्त चुलते आणि मी. लालबागला आत्याच्या खोलीत मुक्काम. रात्री पंधरा माणसं त्या खोलीत झोपली असतील. शेजारची तीन बिऱ्हाडं अमेरिकेला जाणारा मुलगा बघायला येऊन गेली. आत्याच्या मिस्टरांनी अण्णाला आपला लोकरी कोट दिला. दुसऱ्या दिवशी सांताक्रूझ. विमानतळाच्या गॅलरीतून विमान उभं असलेलं दिसायचं, माणूस शिडी चढताना दिसायचा. चुलते तिथून धोतराचा सोगा हलवत राहिले.

मागं वळून बघताना लक्षात येतं, की आमचा निरोप असा हप्त्याहप्त्यानं झाला होता. वालचंदनगरला बायका, बारामतीला दोस्त, दौंडला आबा, लालबागला आत्या, सांताक्रूझला बाप. प्रत्येकाला आपापला थांबा होता, आणि त्या थांब्यावर बोलायला वेळ होता. जाणाऱ्याच्याही मनाला एकदम तुटावं लागलं नाही. एकेक माणूस सुटत गेलं, आणि विमानात बसेपर्यंत तो एकटा असायला थोडा तरी सरावला होता.

विमानही थांबत थांबतच गेलं. बैरूत, फ्रँकफुर्ट, लंडन, मग अटलांटिक. आबांचं ऐकून अण्णानं प्रत्येक ठिकाणाहून पोस्टकार्ड टाकलं. लंडनचं आधी आलं, बैरूतचं पंधरवड्यानं नंतर. आजीला त्याचा काही हिशेब लागेना. न्यूयॉर्कहून पोचल्याची तार येऊन गेली होती, तरी बैरूतचं कार्ड हातात पडलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी अजून हितंच हाय का त्यो?” ती कार्डं तिनं देव्हाऱ्याच्या मागं ओळीनं लावून ठेवली. त्या चार शहरांची नावं आमच्या घरातल्या निरक्षर बाईला पाठ होती. आज घरातल्या शिकलेल्या मुलांना विचारलं की तुम्ही कुठल्या देशांवरून गेलात, तर सांगता येत नाही, कारण मध्ये कुठं ते उतरलेलेच नसतात.

म्हणून जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. अण्णा गेल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी आबा वारले. तार गेली. तिकिटाएवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते. जमवून तो आला तेव्हा वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. दौंडच्या फलाटावर आबांनी सांगितलेलं त्याला आठवत होतं का, हे मी त्याला विचारलं नाही. त्याचा चेहरा बघून विचारायची गरज उरली नव्हती. निळ्या एरोग्रामवर तीन घड्यांत मावेल एवढंच सुखदुःख लिहायचं, ते पंधरा दिवसांनी पोचायचं, उत्तराला आणखी पंधरा. फोन करायचा तर ट्रंक कॉल नोंदवून दिवस दिवस बसायचं आणि लागला की ओरडून बोलायचं. त्या अंतरानं पुष्कळ घरं आतून पोखरली. अशा घरातली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांना कुणी जुन्या दिवसांचं कौतुक सांगितलं तर मला राग येतो.

१ ऑगस्ट २००७ पासून एअर इंडियाचं विमान मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जाऊ लागलं. त्यानंतर आमच्या चुलतीच्या शेवटच्या आजारात अण्णा निरोप मिळाल्यापासून दोन दिवसांच्या आत तिच्या उशाशी होता. तिनं त्याला ओळखलं. थेट विमानाचे हे उपकार मी विसरू शकत नाही.

आता माझी पुतणी न्यू जर्सीत असते. ती येते-जाते ते बघताना जुन्या प्रवासातली एकेक गोष्ट गळून पडलेली दिसते. रात्रीचं जेवण उरकून इंदापुरातून गाडीत बसायचं, सोलापूर-पुणे हमरस्त्यानं भरधाव पुणं, तिथून २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, आणि पहाटेच्या आत टर्मिनल दोन. मध्ये एखाद्या फूड मॉलवर चहा. बारामतीची छोटी गाडी आता नाही. तो रस्ता २००३ साली रुंद झाला. बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालतात आणि त्यांची घरघर शेतातल्या माणसांच्या कानाला सवयीची झाली आहे; पण अमेरिकेला जाणाऱ्याच्या वाटेवर बारामती येतच नाही, दौंडही येत नाही. टर्मिनलसमोर गाडी उभी करायला दोन-तीन मिनिटं मिळतात. शिट्टी वाजते, सामान उतरतं, मिठी मारायची, आणि मागची गाडी हॉर्न देते. पूर्वी पाच ठिकाणी वाटला गेलेला निरोप त्या दोन मिनिटांत कोंबावा लागतो. मावत नाही. घरी परतताना गाडीत कुणी बोलत नाही, आणि त्याचं कारण मला वाटतं हेच, की बोलायचं होतं ते सगळ्यांचंच राहून गेलेलं असतं.

विमान उडालं की वहिनी मोबाईलवर नकाशा उघडून बसते. त्यावर पिवळं विमान सरकत असतं. पहिल्या वेळी तिनं मला हाक मारली, “भाऊजी, अमेरिका पश्चिमेला ना? मग हे वर कुठं चाललंय?” प्रश्न रास्त होता. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी जोडली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक अशी आडवी जाते. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. मी नातवाचा पृथ्वीगोल आणला आणि मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरून दुसरं न्यूयॉर्कवर ताणलं. दोरा आपोआप उत्तरेला सरकला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जरा खालून, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलंडची राजधानी रेक्याविकच्या जवळून, ग्रीनलंडचं दक्षिण टोक खेटून कॅनडा आणि न्यूयॉर्क. ही वाट पासष्टाव्या अक्षांशाच्या जवळ पोचते, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडी अलीकडे. नकाशावर सरळ दिसणाऱ्या आडव्या रेघेनं गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. दोऱ्याच्या वाटेनं १२,५३०. सतराशे किलोमीटरचा फरक आहे, म्हणजे इंदापूर ते मुंबई जवळजवळ सहा वेळा.

प्रत्यक्षात विमान दोऱ्यासारखं नेमकं जात नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहत असतात. जाताना ते टाळायचे आणि येताना अंगावर घ्यायचे, म्हणून जाण्यापेक्षा येण्याला तास-दोन तास कमी लागतात. शिवाय आकाशालाही कुंपणं आहेत. २०१९ मध्ये काही महिने आणि २०२५च्या एप्रिलपासून पुन्हा पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झालं. वाट लांबली, इंधन पुरेना, आणि भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी टेकावं लागलं. थांबा परत आला म्हणून मी बातमी उत्सुकतेनं वाचली. पण असल्या थांब्यात प्रवासी जागेवरच बसून असतात. खिडकीतून टँकर दिसतो, शहर दिसत नाही. तिथून पोस्टकार्ड टाकता येत नाही.

लांबच्या प्रवासात खरे थांबे घेणारे मला आता माझ्या तालुक्यातच भेटतात. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भिगवण, कुंभारगाव, डाळज, पळसदेव या पट्ट्यात अथांग पाणी पसरलं. जुनी गावं त्यात गेली. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर येतं. त्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात, आणि हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. मंगोलिया-तिबेटकडून निघालेला हा हंस वाटेत तळी, नद्या, पाणथळी धरत, चरत, बळ भरून घेत खाली येतो. अख्खी वाट अशा थांब्यांवर उभी असते. एक पाणथळ बुजली तर पुढची उड्डाणं अडतात. कुंभारगावचे नावाडी, ज्यांच्या बापजाद्यांची शेतं याच पाण्याखाली आहेत, त्या पक्ष्यांची वाट बघतात आणि कुणी दगड मारला तर अंगावर धावून जातात. हा पाहुणचार बघून मला लालबागची ती खोली आठवते.

पक्ष्यांना थेट उडणं जमत नाही, असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचं एक जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं ते पॅसिफिक ओलांडून टास्मानियातच उतरलं. अकरा दिवस, १३,५६० किलोमीटर, मध्ये कुठंही न टेकता. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतरही जवळपास तेवढंच, साडेतेरा हजार. २०२२च्याच डिसेंबरात एअर इंडियानं त्या दोन शहरांमधली थेट सेवा सुरू केली. अशा उड्डाणात त्या पक्ष्याचं निम्मं वजन झडतं. महासागरावर त्याला उतरायला जागा नसते, म्हणून तो थांबत नाही. त्याचे भाऊबंद, काळ्या शेपटीचे गॉडविट, उजनीवर येतात, आणि जिथं चिखल मिळेल तिथं उतरत उतरत येतात.

अण्णाला गेल्या वर्षी फोनवर मी विचारलं, इतक्यांदा ये-जा केलीस, त्यातला कुठला प्रवास आठवतो? त्यानं पहिलाच सांगितला. बैरूतच्या विमानतळावर पहाटे पाहिलेला समुद्र, फ्रँकफुर्टला आत्याच्या मिस्टरांच्या कोटाची आलेली आठवण, लंडनला भेटलेला एक पंजाबी म्हातारा, ज्यानं त्याला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. मग म्हणाला, थेट विमानानं आलो ते प्रवास एकमेकांत मिसळून गेलेत, कुठला कुठल्या साली ते वेगळं काढता येत नाही. चुलतीच्या आजारपणातला तेवढा वेगळा आठवतो, आणि त्या वेळी विमान कुठं थांबलं नाही याबद्दल तो रोज देवाचे आभार मानतो.

घाईचा प्रवास आणि सवडीचा प्रवास यांना एकच वाट कशाला हवी? आजारी आईकडे धावणाऱ्याला थेट विमानच हवं, ते शंभर वर्षं चालू राहो. पण लेकीच्या घरी राहायला जाणाऱ्या, परत येण्याची घाई नसलेल्या माणसानं सोळा तास एका खुर्चीत का काढायचे, हे मला समजत नाही. आमच्याकडून दर वर्षी कितीतरी आई-बाप नातवंडं सांभाळायला अमेरिकेला जातात. त्यांतल्या बहुतेकांनी वाटेतलं जग पाहिलेलंच नाही. एवढा समुद्र ओलांडूनही त्यांच्या आठवणीत दोन विमानतळ आणि एक अंधारी खिडकी एवढंच राहतं.

पुतणीनं या उन्हाळ्यात मला बोलावलं आहे. ती थेट विमानाचं तिकीट काढायला निघाली होती. मी तिला लंडनला उतरणारं बघायला सांगितलं. “काका, गुडघे दुखतात तुमचे, त्यात इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागेल,” ती म्हणाली. काढू म्हटलं. दोन-तीन दिवस राहीन, शहर बघेन, कुणी बोललं तर बोलत बसेन, आणि इंदापूरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकेन. मुंबईपर्यंतही गाडीनं जायचं नाही असं ठरवलंय. दौंडहून रेल्वेनं जाणार, आणि भाऊ-वहिनी दौंडपर्यंत सोडायला येणार आहेत. भावाला आतापासूनच सांगून ठेवलंय, की गाडीच्या वेळेआधी दोन तास तरी फलाटावर पोचायचं. व्हिसाचा अर्ज परवा भरला.